गरुडांची खतावणी

सेवेतून निवृत्त झाल्यावर माणसाने काय करावे, या प्रश्नाला जगाने आजवर अनेक उत्तरे दिली आहेत. कोणी बागेत रमतो, कोणी यात्रेला निघतो, कोणी आठवणी लिहावयास बसतो. कॅनडातील विनिपेग शहरात एका बँकेचे व्यवस्थापक असलेले चार्ल्स ब्रोली १९३८ च्या सुमारास निवृत्त झाले, तेव्हा ते साठीच्या उंबरठ्यावर होते. त्यांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर मात्र सहसा कोणाला सुचावे असे नव्हते. पुढील वीस वर्षे, दर हिवाळ्यात, ते फ्लॉरिडातील गरुडांच्या घरट्यांचा माग घेत राहिले, आणि त्यासाठी शंभर-शंभर फूट उंचीच्या पाइन वृक्षांवर चढत राहिले. बँकेत जन्म गेलेल्या माणसाने तेथे आपल्या पेशाला साजेसेच काम केले. त्यांनी हिशेब ठेवला. कोणत्या घरट्यात किती अंडी, किती पिल्ले, कोणाच्या पायात कोणत्या क्रमांकाचे वाळे, ही ती खतावणी. तिच्यातील जमेची बाजू एके वर्षी एकाएकी रोडावू लागली, आणि जगाला एका मोठ्या अनर्थाची पहिली सूचना मिळाली ती तेथून.

ब्रोली पक्ष्यांचे हौशी अभ्यासक होते. हिवाळा फ्लॉरिडात घालवावयाचा त्यांचा बेत होता. अमेरिकेतील नॅशनल ऑडुबॉन सोसायटी या पक्षिरक्षक संस्थेचे रिचर्ड पो यांनी त्यांना गरुडांकडे लक्ष ठेवण्यास सुचविले, आणि पिल्लांच्या पायांत अडकविण्यासाठी ॲल्युमिनियमची काही क्रमांकित वाळी दिली. साठीच्या घरातला माणूस स्वतः झाडावर चढेल, अशी कोणाचीच कल्पना नव्हती. ब्रोली चढले. १९३९ च्या पहिल्याच हंगामात त्यांनी ४४ पिल्लांच्या पायांत वाळी अडकविली. १९३९ ते १९४९ या काळात ही संख्या हजारावर गेली. ब्रोली यांच्यापूर्वी साऱ्या अमेरिकेत या जातीच्या अवघ्या १६६ गरुडांना वाळी घातली गेली होती, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे त्या कामगिरीचे माप कळते.

हे गरुड कोणते, हे येथे सांगितले पाहिजे. कारण पुढील सर्व कथा गरुडा-गरुडांतील फरकावर उभी आहे. आपल्या परंपरेत गरुड एकच, विष्णूचे वाहन. प्राणिशास्त्रात मात्र गरुड या नावाखाली सुमारे साठ जातींचे पक्षी मोडतात, आणि ते सगळे एका कुळीचे नाहीत. ब्रोली यांचा गरुड म्हणजे अमेरिकेचा ‘बाल्ड ईगल’. ‘बाल्ड’ या शब्दाचा आजचा अर्थ टकला असा असला, तरी या पक्ष्याला टक्कल नाही. जुन्या इंग्रजीत हा शब्द पांढऱ्या खुणेच्या प्राण्यालाही लावीत. शुभ्र डोके, शुभ्र शेपटी आणि मध्ये गडद तपकिरी देह, अशा या श्वेतशीर्ष गरुडाला १७८२ साली अमेरिकेच्या राजमुद्रेवर स्थान मिळाले. कुळाने तो सागरी गरुड. हे सागरी गरुड घारींचे सोयरे असून मासळी हे त्यांचे मुख्य अन्न. कोकणच्या किनाऱ्यावर करड्या पाठीचा आणि पांढऱ्या पोटाचा जो मोठा गरुड भरतीच्या पाण्यावर घिरट्या घालताना दिसतो, तो याच गोतातला.

सोनेरी गरुड हा दुसऱ्या कुळीचा. युरोप, आशिया आणि उत्तर अमेरिका या तिन्ही खंडांतील डोंगराळ मुलुखात त्याची वस्ती आहे. आपल्याकडे तो हिमालयात आढळतो. मानेवरील पिसांची सोनेरी झाक हे त्याच्या नावाचे कारण. पण खरी खूण पायांत आहे. सोनेरी गरुडाचे पाय थेट बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले असतात, तर सागरी गरुडाच्या पायांचा खालचा भाग उघडा असतो. ससे, रानकोंबडे यांसारखी शिकार आणि वेळप्रसंगी मेलेली जनावरे यांवर सोनेरी गरुड जगतो.

प्रौढ पक्षी समोरासमोर ठेवले तर दोहोंत गफलत होण्याचे कारण नाही. अडचण येते ती पिल्लांची. श्वेतशीर्ष गरुडाचे डोके पहिली चार-पाच वर्षे पांढरे नसतेच. तो सर्वांगी तपकिरी असतो आणि दुरून सोनेरी गरुडासारखाच दिसतो. या साम्याने भल्याभल्यांना चकविले. जॉन जेम्स ऑडुबॉन हा एकोणिसाव्या शतकातील नामांकित पक्षिचित्रकार. त्याने एका प्रचंड तपकिरी गरुडाला नवी जात मानून जॉर्ज वॉशिंग्टन यांचे नाव दिले. तशी जात पुढे कोणालाच आढळली नाही. तो पक्षी अल्पवयीन श्वेतशीर्ष गरुडच असावा, असे पुढील बहुतेक अभ्यासकांनी ठरविले. चित्रकाराची चूक पुस्तकात राहते. बंदुकवाल्याची चूक पक्ष्याच्या जिवावर बेतते. १९४० साली अमेरिकेने श्वेतशीर्ष गरुडाच्या रक्षणाचा कायदा केला, परंतु सोनेरी गरुड मारण्यास मोकळीक राहिली. परिणामी तपकिरी पिल्ले सोनेरी समजून मारली जात. अखेरीस १९६२ साली सोनेरी गरुडालाही त्याच कायद्याचे छत्र मिळाले, त्यामागे हे एक ठळक कारण होते.

जवळून पाहण्याचा मार्गही दोन्ही गरुडांच्या बाबतीत वेगळा होता. स्कॉटलंडमध्ये सेटन गॉर्डन आणि त्यांची पत्नी ऑड्री यांनी सोनेरी गरुडाचा अभ्यास केला तो आडोशात दडून. घरट्याशेजारी फांद्या आणि हेदर नावाच्या झुडपांची खोप उभारावयाची, पक्ष्यांना तिची सवय होऊ द्यावयाची, आणि मग आत तासन् तास निश्चल बसावयाचे. कारण हा पक्षी फार बुजरा. अंडी उबविताना माणसाची चाहूल लागली तर तो घरटे सोडून जाण्याचा धोका असतो. गॉर्डन यांच्या १९२७ च्या पुस्तकात या एकांतवासाचे फळ आहे. याच काळात अमेरिकेत प्राध्यापक फ्रान्सिस हेरिक यांनी ईरी सरोवराकाठी, ओहायओ राज्यातील व्हर्मिलियन गावाजवळ, श्वेतशीर्ष गरुडाच्या घरट्यासमोर पोलादी मनोराच उभारला. तेथील एक जुने घरटे बारा फूट उंच वाढले होते. सुमारे ३५ वर्षे गरुडांनी त्यावर दरसाल नव्या काटक्यांची भर घातली होती, आणि १९२५ च्या वादळात ते झाडासकट कोसळले, तेव्हा त्याचे वजन दोन टनांच्या घरात असावे असा अंदाज करण्यात आला.

ब्रोली यांना आडोसाही नको होता आणि मनोराही. त्यांना घरट्यात हात घालावयाचा होता. शिशाचे वजन बांधलेली दोरी उंच फांदीवरून टाकावयाची, तिच्या आधाराने दोराची शिडी वर ओढावयाची, आणि मग चढावयाचे. शेवटचा टप्पा सर्वांत अवघड. घरटे सहा-सात फूट रुंदीचे. त्याची कड डोक्यावर छपरासारखी पुढे आलेली. खालून चढणाऱ्याला वरचे काहीच दिसत नाही. त्या कडेला वळसा घालून वर यावे लागते. वर आले की काटक्या, गवत आणि माशांचे काटे यांच्या राशीवर दोन पिल्ले मागे सरकून, चोच वासून उभी असतात. लहान पिल्लू दबकते. मोठे झालेले नख्या पुढे करते. इकडे आईबाप आकाशात घिरट्या घालीत ओरडत असतात. एवढ्या मोठ्या पक्ष्याचा आवाज मात्र बारीक, किणकिणता. काव्यात गरुड शत्रूवर झेप घेतो. हे जोडपे सहसा अंगावर येत नाही. पिल्लांचे वय नेमके साधावे लागे. फार लहान पिल्लाच्या पायातून वाळे निसटते, आणि पंख फुटलेले पिल्लू भिऊन वेळेपूर्वीच उडी घेते. म्हणून एकेका घरट्याच्या फेऱ्या तिथिवार आखाव्या लागत. त्यांच्या पत्नी मर्टल ब्रोली यांनी १९५२ साली ‘ईगल मॅन’ या पुस्तकात या साऱ्या उद्योगाची हकीकत लिहिली आहे.

खतावणीने पहिला निकाल दिला तो अनपेक्षित होता. फ्लॉरिडाचे गरुड हिवाळ्यात वीण करतात; नोव्हेंबर-डिसेंबरात अंडी, आणि वसंत संपेपर्यंत पिल्ले हवेत. हे पक्षी बारमाही तेथेच राहतात, अशी सर्वांची समजूत होती. पण ब्रोली यांची वाळी उत्तरेकडून परत येऊ लागली. कोठे मेलेला पक्षी सापडे, कोठे मारलेला, आणि पायातला क्रमांक कोणीतरी कळवी. फ्लॉरिडात जन्मलेली पिल्ले उन्हाळ्याच्या आरंभी उत्तरेची वाट धरीत होती. त्यांतली काही दीड हजार मैलांवरच्या कॅनडातील प्रिन्स एडवर्ड बेटापर्यंत पोहोचली होती. बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थाने पक्षिशास्त्रातील एक रूढ समज खोडून काढला होता.

दुसरा निकाल मात्र भयंकर होता. टॅम्पापासून फोर्ट मायर्सपर्यंतच्या किनारपट्टीवर आरंभीच्या वर्षांत ब्रोली यांना दरसाल सुमारे १२५ नांदती घरटी आढळत आणि दीडशेच्या आसपास पिल्लांना वाळी घालता येत. १९४७ पासून हा आकडा उतरू लागला. काही घरट्यांत अंडीच नसत. काहींत अंडी असत, पण ती फळत नसत. १९५२ ते १९५७ या काळात शंभरातील ऐंशी घरटी वांझ राहिली. १९५७ साली ४३ घरट्यांत गरुड होते. त्यांपैकी १३ घरट्यांत अंडेच नव्हते, २३ घरट्यांतील अंडी वाया गेली, आणि उरलेल्या ७ घरट्यांत मिळून ८ पिल्ले झाली. १९५८ साली ब्रोली शंभर मैलांचा किनारा धुंडाळीत गेले, तेव्हा कोठे त्यांना वाळे घालण्यासाठी एक पिल्लू मिळाले. पेन्सिल्व्हेनियातील हॉक माउंटनवर मॉरिस ब्रून हे स्थलांतर करणारे शिकारी पक्षी मोजीत असत. त्यांची टिपणे हेच सांगत होती. १९३५ ते १९३९ या वर्षांत तेथून जाणाऱ्या गरुडांत शेकडा चाळीस पिल्ले असत. १९५५ ते १९५९ या वर्षांत ती शेकडा वीसवर आली. प्रौढ पक्षी दिसत होते, म्हणून वरवर पाहणाऱ्याला सर्व ठीक वाटे. गरुड दीर्घायुषी. घरात म्हातारी माणसे आहेत, पाळणा मात्र हलत नाही, असे ते कुळ झाले होते.

कारण काय? वादळे, जंगलतोड, किनाऱ्यावरील नवी वस्ती, बंदुका, ही कारणे जुनीच होती. १९४७ साली त्यांत नवे काही घडले नव्हते. नवे होते ते डीडीटी. या द्रव्याचा कीटकनाशक गुण पॉल म्युलर या स्विस रसायनशास्त्रज्ञाने शोधला तो १९३९ साली, म्हणजे ब्रोली पहिल्यांदा झाडावर चढले त्याच वर्षी. महायुद्धात या द्रव्याने टायफस आणि हिवताप यांपासून असंख्य सैनिक वाचविले, आणि १९४८ साली म्युलर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. भारतातही १९५३ साली सुरू झालेल्या हिवताप नियंत्रणाच्या राष्ट्रीय मोहिमेचे तेच प्रमुख शस्त्र होते, आणि त्याचा गुण लाखो घरांना आला. तेव्हा या द्रव्यावर बोट ठेवणे म्हणजे उपकारकर्त्यावर आळ घेणे होते. १९४५ नंतर अमेरिकेत ते शेतांवर, गावांवर, आणि फ्लॉरिडाच्या खारट दलदलींवर डास मारण्यासाठी फवारले जाऊ लागले. विषारलेली मासळी गरुडाच्या पोटात जाते आणि त्याला वांझ करते, असा तर्क ब्रोली यांनी मांडला, आणि १९५८ साली ‘ऑडुबॉन’ मासिकात तो जाहीर लिहिला. अनेकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. ब्रोली यांच्यापाशी प्रयोगशाळा नव्हती. होते ते वीस वर्षांचे आकडे. १९५९ साली ओंटारिओतील आपल्या घराजवळ लागलेली रानातील आग विझविण्याच्या खटपटीत त्यांचा अंत झाला. त्यांच्या आकड्यांना राचेल कार्सन यांनी १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या ग्रंथात स्थान दिले, आणि ते जगभर पोहोचले.

येथे सोनेरी गरुडाची साक्ष मोलाची ठरते. डीडीटी सर्वत्र पसरले होते, मग अमेरिकेतील सोनेरी गरुडाचे कुळ तसे का बसले नाही? उत्तर ताटात आहे. पाण्यातील सूक्ष्म जीव, त्यांना खाणारी बारीक मासळी, तिला गिळणारा मोठा मासा, आणि त्याच्यावर जगणारा गरुड, अशा पायरीपायरीने डीडीटीचा अंश घट्ट होत जातो. सशाचे अन्न गवत, म्हणून ससे खाणाऱ्या गरुडापर्यंत पायऱ्या थोड्या आणि विषही थोडे. उलट पश्चिम स्कॉटलंडमध्ये सोनेरी गरुड मेलेल्या मेंढ्यांवर जगत होता, आणि त्या मेंढ्यांना गोचिडी मारण्यासाठी डिल्ड्रिन या दुसऱ्या विषाने न्हाऊ घालीत. लॉकी आणि रॅटक्लिफ या संशोधकांनी तेथील घरटी मोजली. पूर्वी शेकडा ७२ जोड्या पिल्ले वाढवीत. १९६१ ते १९६३ या काळात हे प्रमाण शेकडा २९ वर आले. १९६६ साली मेंढ्यांसाठी डिल्ड्रिन वापरणे बंद झाले, आणि दोन-तीन वर्षांतच ते पुन्हा शेकडा ६९ पर्यंत चढले. एकाच जातीचा गरुड एका देशात वाचला आणि दुसऱ्या देशात संकटात सापडला. दोन्हीकडे निर्णय त्याच्या भक्ष्याने केला होता.

ब्रोली यांचा आरोपी खरा ठरला, परंतु गुन्ह्याची रीत त्यांना पूर्ण उमगली नव्हती. ती उलगडली डेरेक रॅटक्लिफ यांनी. बहिरी ससाण्यांच्या घरट्यांत फुटलेली अंडी वारंवार आढळत, याचे त्यांना कोडे पडले होते. इंग्लंडमध्ये अंडी जमविण्याचा छंद जुना, आणि पेट्यांतून जपलेल्या अंड्यांच्या कवचांवर तारखा लिहिलेल्या. रॅटक्लिफ यांनी ती कवचे मापली आणि तोलली. १९४७ च्या सुमारास ती एकाएकी पातळ झालेली दिसली. १९६७ साली हा शोध प्रसिद्ध झाला, आणि पुढच्याच वर्षी हिकी आणि अँडरसन यांनी अमेरिकेतील संग्रहांत तोच प्रकार दाखविला. डीडीटीपासून शरीरात बनणारे एक द्रव्य मादीला कवचासाठी पुरेसा चुना मिळू देत नाही. पक्षी वांझ नव्हते. आई अंड्यावर बसे, आणि तिच्याच भाराने ते फुटे.

१९६३ च्या गणनेत अलास्का सोडून उरलेल्या अमेरिकेत श्वेतशीर्ष गरुडाच्या जोड्या पाचशेच्या आत भरल्या होत्या. १९७२ साली त्या देशाने डीडीटीचा शेतीतील वापर बंद केला. २००७ साली, जोड्यांची संख्या सुमारे दहा हजारांवर गेल्यावर, हा पक्षी संकटग्रस्तांच्या यादीतून निघाला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात नांदत्या घरट्यांचा अंदाज ७१,४०० असा आहे, आणि २०२४ च्या अखेरीस तो कायद्याने अमेरिकेचा राष्ट्रीय पक्षी झाला.

ही हकीकत परक्या खंडातली म्हणून दूर ठेवता येत नाही. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९८० च्या दशकात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची साडेतीनशेच्या आसपास घरटी मोजली गेली होती. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी १९९० च्या दशकात तेथे पुन्हा गणना केली, आणि ती वीसवर आलेली पाहिली. जुना आकडा हाताशी नसता तर गिधाडे थोडी कमी दिसतात, एवढ्यावरच बोलणे थांबले असते. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध त्यांच्या मुळावर आले होते, हे २००४ साली सिद्ध झाले, आणि २००६ साली भारताने गुरांसाठी त्याचे उत्पादन थांबविले. मध्य आशियातील गवताळ प्रदेशातून हिवाळ्यात आपल्याकडे येणारा स्टेप गरुड हा सोनेरी गरुडाचा भाऊबंद, आणि मेलेली गुरे त्यालाही चालतात. बिकानेरजवळ मेलेल्या स्टेप गरुडांच्या देहांत हेच औषध सापडले. तो शोध २०१४ साली प्रसिद्ध झाला. कोकणच्या सागरी गरुडाला हा धोका तसा नाही, कारण त्याचे ताट समुद्रात आहे. आणि म्हणूनच समुद्रात जे जाते ते त्याला चुकणार नाही.

ब्रोली यांनी १९५८ साली अडकविलेल्या त्या एका वाळ्याला अर्थ आला तो मागच्या वर्षांच्या दीडशे वाळ्यांमुळे. ती वाळी त्यांनी अडकविली तेव्हा डीडीटीचे नावही फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर पोहोचलेले नव्हते. पुढे कसली तूट येणार आहे हे ठाऊक नसताना त्यांनी जमा लिहून ठेवली होती. आपल्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनात किंवा उंच आंब्यावर, जेथे सागरी गरुडाचे घरटे दरसाल त्याच ठिकाणी दिसते, तेथे वर्ष, अंडी आणि पिल्ले असे तीन रकाने आखून ठेवणारा माणूस आज काय शोधतो आहे, हे त्याचे त्यालाही सांगता येणार नाही. ते वाचणारा पुढे केव्हातरी येईल.